वडिलांची उधारीची वही आणि तिच्या शेवटच्या पानांवरच्या फुल्या

अण्णांचा मुलगा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण त्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

इंदापूर तालुक्यात आमचं किराणा दुकान आहे. अण्णांनी १९८६ साली टाकलं. मी पंधरा वर्षं चाकणला कंपनीत. अण्णा या मार्गशीर्षात गेले. तेरावं झाल्यावर आईनं गल्ल्याखालच्या फडताळातून वही काढली आणि माझ्यापुढं सरकवली. म्हणाली, "बघ, तुला काय लागतंय का."

वही म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी चोपडी. वर 'श्री', कुंकवाची बोटं. दर पाडव्याला नवी यायची आणि जुन्यातली बाकी तिच्यात ओढली जायची. मला वाटलं, तासाभरात एक्सेलमध्ये उतरवून टाकू. पण आत नावंच नाहीत. 'मोटारवाला'. 'लिंबाखालचा'. 'टोपी'. 'टोपीचा थोरला'. 'दोन बोअर'. एका ओळीत 'माउली, परभणी, ३४०'. आमच्यावरून तुकोबांची पालखी जाते. कुठल्या तरी दिंडीतल्या माणसानं साखर-चहापूड नेली असणार, पुढच्या आषाढात देतो म्हणाला असणार. अण्णांनी 'माउली' लिहून टाकलं. वारीत सगळेच माउली, आता शोधा.

आईला मात्र सगळे पाठ आहेत. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. एकाहत्तर खाती, बाकी १,८६,४३० रुपये. यातली निम्मी माणसं उसाच्या बिलावर देणारी. उसाचं बिल कायद्यानं चौदा दिवसांत यायला पाहिजे. येतं तेव्हा येतं. दूधवाले दर दहा दिवसांनी, बिल झालं की. अण्णा कधी कुणाच्या दारात वसुलीला गेले नाहीत. फार तर रस्त्यात भेटला तर "काय, बरंय ना?" एवढंच, आणि तो माणूस त्याच संध्याकाळी दोनशे तरी आणून द्यायचा. माझी बायको म्हणते यालाच वसुली म्हणतात.

उधारीचं काय ते बघू. प्रश्न वेगळा आहे.

वही उलटी धरली की मागून आणखी एक वही सुरू होते. नऊ पानं. प्रत्येक पानावर डोक्याला बारकं चित्र: सुई, चूल, बांगडी, तुळस, जातं, कोयता असलं काहीतरी. खाली पेनच्या फुल्या, काही खोडलेल्या. मला वाटलं नातवाचा उद्योग. आईनं सांगितलं, "त्या ठेवी हायत. बायकांच्या."

म्हणजे गावातल्या नऊ बायका अण्णांकडं पैसे ठेवायच्या. मीठ-मिरची न्यायला यायच्या, पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढून द्यायच्या, अण्णा एक फुली मारायचे. घरात ठेवलं की नवरा दारूला नेतो किंवा सासू नेते. नाव लिहिलं आणि उद्या कुणी वही उघडली तर पंचाईत, म्हणून चित्र. पावती नाही, सही नाही. बाईकडं काहीच नाही, फक्त तिला आपला आकडा पाठ. मला चाळीस वर्षांत याचा पत्ता नव्हता.

आईनं एकेकीला निरोप दिला. सहा जणी आल्या, पैसे मोजून घेऊन गेल्या. रुपयाचा फरक नाही. सातवी सुईवाली. ती शिवणकाम करते. तिच्या पानावर पंचावन्न फुल्या, म्हणजे ५,५००. ती म्हणाली, "माझं आठ हजार हायत."

मी तिच्यासमोर दोनदा फुल्या मोजल्या. ती काही बोलली नाही, नुसती पायरीवर बसून राहिली. मी म्हटलं, बघतो, चार दिवसांनी या.

आई म्हणते, "आठ म्हणली ना? मग आठ दे." मी म्हणतो, वहीत जे आहे ते देऊ. अडीच हजारांसाठी मी मरत नाही, पण उद्या गावात झालं की अण्णांचा पोरगा विचारेल तेवढे देतो, तर? तुम्ही काय कराल?

रोखठोक

वहीत ५,५०० तर ५,५००. विषय संपला. आठ दिलेत तर परवा वीस बायका चित्रं सांगत येतील. आणि एकाहत्तर जण तुमचं देणं लागतात, त्यातले किती स्वतःहून आले ते सांगा आधी.

अण्णांचा मुलगा

@रोखठोक, आतापर्यंत एकोणीस. त्यातले दोघे म्हणाले, आमचं एवढं नव्हतं. एक जण म्हणाला, मी अण्णांच्या हयातीतच फेडलंय. तो खोटं बोलतोय हे आईलाही माहीत आहे, त्यालाही माहीत आहे, आणि तरी तो रोज आमच्याकडूनच तंबाखू नेतो. रोखीनं.

कोर्टकचेरी

तालुक्याच्या कोर्टात पंचवीस वर्षं काढली आहेत, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो. बाकी तुमचं घर, तुमचं गाव.

उधारी: माल दिला आणि परतफेडीची मुदत ठरलेली नसली, तर माल दिल्या दिवसापासून तीन वर्षं. १९६३ चा मुदतीचा कायदा. मुदत संपायच्या आत देणेकऱ्यानं लेखी कबुली सही करून दिली, किंवा थोडे पैसे दिले आणि त्याची त्याच्या हातची नोंद असली, तर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. तुमच्या वहीत सह्या नाहीत, म्हणजे जुनी बाकी कोर्टाच्या दृष्टीनं गेलीच. उरलेल्यातही नुसती वहीची नोंद पुरत नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतो. त्यात तुम्ही वारस, म्हणजे हुकूमनामा मिळण्याआधी वारसा प्रमाणपत्र आणा. 'टोपीचा थोरला' नावावर समन्स कसं काढायचं हे मला अजून सुचलेलं नाही.

आता ठेव. इथं गंमत बघा. मागितल्यावर परत द्यायच्या बोलीनं पैसे ठेवले असतील, तर तीन वर्षं मोजायची ती मागणी केल्या दिवसापासून. बाईनं दहा वर्षांपूर्वी ठेवले असोत, तिनं तुमच्या पायरीवर बसून मागितले त्या दिवशी तिचं घड्याळ सुरू झालं. वडिलांकडून तुमच्याकडं जेवढं आलं तेवढ्यापुरते तुम्ही तिचे देणेकरी आहात. लोकांकडून तुमचं येणं आहे ते सुटत चाललंय, आणि तुमच्याकडून बायकांचं येणं आहे ते ताजं आहे.

तिनं आठ हजार सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न उरतोच. पण तो तिचा झाला. तुम्ही विचारताय तो प्रश्न हा नाही, असं मला वाटतं.

पानसुपारी

एवढा काथ्याकूट कशाला? तुमच्या दारावरून ज्यांची पालखी जाते त्यांनी काय केलं? कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. वही घ्या, आषाढात नीरेत सोडून द्या. मोकळे व्हा.

वाखरी

@पानसुपारी, गोष्ट अर्धी सांगू नका. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घर मोडलं, बायको अन्नावाचून गेली. नंतर खतं नदीत टाकायची ठरवली तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, माझं काय? तर खतांचे दोन वाटे केले. कान्होबाचा वाटा कान्होबाच्या हातात दिला आणि फक्त स्वतःचा वाटा बुडवला. कीर्तनात 'बुडवली' एवढ्यावर टाळ्या पडतात, वाटणीचं कुणी सांगत नाही.

आणि दुसरं. बुडवलं ते लोकांकडून येणं होतं. आपल्याकडून लोकांना जे देणं असतं ते नदीत टाकलं तर त्याला वैराग्य म्हणत नाहीत, बुडवेगिरी म्हणतात. दादा, तुमच्या वहीला दोन तोंडं आहेत. पुढचं बुडवायचा हक्क तुम्हाला आहे, तोही आईला विचारून, कारण कान्होबा तुमच्याही घरात आहे. मागची नऊ पानं तुमची नाहीतच.

गटाची ताई

मी आमच्या गावात बचत गट चालवते, अकरा वर्षं झाली. त्यामुळे प्रश्न वाचून आधी राग आला. आम्ही एवढं पासबुक लिहितो, दर महिन्याला बैठक, सगळ्यांसमोर पैसे मोजायचे, सह्या-अंगठे, बँकेत दोघींच्या सहीशिवाय पैसा निघत नाही. आणि बायका दुकानदाराकडं फुल्या मारत बसल्यात!

मग आठवलं, माझ्याच गटातल्या तिघी अशाच कुणाकडं तरी ठेवतात. एकदा विचारलं तर एक म्हणाली, "ताई, गटात किती ठेवलं ते दहा जणींना कळतंय, आणि दहा जणींना कळलं की संध्याकाळी माझ्या घरात कळतंय." बँकेत खातं आहे तिचं. पण मोबाईल घरात एकच, तो नवऱ्याच्या खिशात, मेसेज त्याच्याकडं जातो. पासबुक ठेवायला तिला घरात जागा नाही. कुलपाचं कपाट नाही म्हणत नाहीये मी, तिच्या एकटीची अशी वीतभर जागाच नाही.

तेव्हा तुमच्या अण्णांकडं त्या पैसे ठेवत नव्हत्या भाऊ, पैसे आहेत ही गोष्ट ठेवत होत्या. ती अण्णांनी तुमच्यापासूनसुद्धा लपवली. आणि तुम्ही तिच्यासमोर, दिवसाढवळ्या दुकानात, फुल्या मोजल्या दोनदा? त्या वेळी दुकानात आणखी कोण होतं?

अण्णांचा मुलगा

@गटाची ताई, एक गिऱ्हाईक होतं. मला तेव्हा लक्षातच आलं नाही. आई तेवढ्यात मोठ्यानं म्हणाली, "तिच्या ब्लाऊजच्या कापडाचा हिशेब चाललाय." मला वाटलं आईचं काहीतरी चुकतंय.

पतसंस्थेचा मारा

माझं ऐका. माझ्या वडिलांनी निवृत्तीचे पैसे एका पतसंस्थेत ठेवले. नाव घेत नाही. संचालक सगळे ओळखीचे, देवळातले, लग्नातले. छापील पावत्या, शिक्के, सह्या, दर वर्षी अहवाल. बुडाली. तेव्हा कळलं की बँकेतल्या ठेवीला विमा असतो, २०२० पासून पाच लाखांपर्यंत, पण पतसंस्थेला तो लागू नाही. पावत्या अजून आहेत आमच्याकडं, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

तुमच्याकडं एकही पावती नसताना सहा जणींना रुपया न् रुपया मिळाला. मी सल्ला देण्याच्या लायकीचा नाही, पण मी असतो तर अडीच हजारांत एवढं विकत घेतलं असतं.

रोखठोक

सगळे भावनेत वाहताय. उद्या ती खोटं बोलत होती असं निघालं तर? गरीब आहे, शिवणकाम करते, म्हणून खरंच बोलते का?

निवृत्त रोखपाल

@रोखठोक यांचा प्रश्न रास्त आहे. पण मला एक शंका आहे. अडीच हजार म्हणजे पाचशेच्या पाच नोटा.

मी २०१६ साली काउंटरवर होतो. ८ नोव्हेंबरच्या रात्री आठला नोटबंदीची घोषणा झाली, ९ ला बँका लोकांसाठी बंद, १० ला दारं उघडली ती रांग रस्त्यापर्यंत. सुरुवातीला ओळखपत्र दाखवून चार हजारांपर्यंत बदलून मिळायचे. बाकी खात्यात भरा, शेवटची तारीख ३० डिसेंबर. त्या सात आठवड्यांत मी ज्या नोटा मोजल्या तशा आधी कधी मोजल्या नव्हत्या. चौकोनी घड्या घालून घालून घडीवर फाटलेल्या. तांदळाच्या डब्यातल्या, हळदीनं पिवळ्या झालेल्या, गोधडीच्या शिवणीतून काढलेल्या. पुष्कळ बायका स्वतः यायच्याच नाहीत, कारण आलं की घरी कळणार. त्यांच्या नोटा कुणीतरी दुसरा आपल्या खात्यात भरायचा. कुणी भाऊ, कुणी शाळेतल्या बाई, आणि हो, दुकानदार.

तुमच्या वडिलांच्या एका फुलीचा अर्थ शंभर. पाचशेची जुनी नोट आली आणि ती त्यांनी बँकेत भरली, तर ती गल्ल्यात आलीच नाही, मग फुली कशी मारतील? हिशेबाचा माणूस ती वेगळी लिहून ठेवेल. २०१६ चं पासबुक आणि भरणा केलेल्या स्लिपांची अर्धुकं असतील तर बघा. स्लिपेवर कुठली नोट किती, हे लिहावंच लागायचं.

कोर्टकचेरी

वा. आमच्याकडं साक्षीदार फोडायला तीन तारखा जातात.

अण्णांचा मुलगा

शनिवारी गावी आलो. उत्तर द्यायला उशीर झाला, माफी.

पासबुकं पत्र्याच्या पेटीत होती, देवघराखाली. २०१६ च्या पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये कॅलेंडरचं पान घडी करून ठेवलेलं. नोव्हेंबर महिना. मागच्या कोऱ्या बाजूला तीच चित्रं, सात. प्रत्येकापुढं आकडा. बांगडी ३, चूल ४, जातं २ असं. खाली बेरीज २३, आणि त्याच्यापुढं ११,५००. पासबुकात २१ नोव्हेंबरला तेवढाच भरणा. सहा चित्रांवर रेघ मारलेली आहे, म्हणजे त्यांनी नंतर नेले. सुईपुढं ५. रेघ नाही.

रोखपालकाका, तुम्हाला इथून नमस्कार.

त्याच संध्याकाळी आठ हजार घेऊन मी तिच्या घराकडं निघालो होतो, आईनं अडवलं. "घरी नगं. ती येईल तवा." दुसऱ्या दिवशी ती सुतळीची गुंडी न्यायला आली. मी पिशवीत सुतळीखाली पाकीट घातलं. तिनं ते दुकानात उघडलं नाही, मोजलं नाही. कागद सापडल्याचं मी हळूच सांगितलं, वाटलं तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "असंल." आणि मग वही मागितली. पान काढून दिलं तर कानामागची पेन्सिल काढून तिनं स्वतः पंचावन्न फुल्यांवर एक आडवी रेघ ओढली, शेवटपर्यंत. सुईच्या चित्रावर नाही ओढली.

ती गेल्यावर मी आईला म्हटलं, बघ, तुझं खरं निघालं. आई तूरडाळीचं पोतं सोडत होती. म्हणाली, "कागद गावला म्हणून दिलंस." त्यावर मी काही बोललो नाही. काल दिवसभर ती पण माझ्याशी कामापुरतंच बोलली.

गटाची ताई

पेन्सिल कानामागं होती म्हणजे शिवण सोडून आली होती. वेळ काढून आली होती ती, सुतळीला नाही.

वाखरी

आता उरलेल्या दोघी?

अण्णांचा मुलगा

तुळसवाली लेकीकडं गेलीय, बार्शीला. तिचा आकडा वहीत स्वच्छ आहे, तिचं काही नाही.

कोयता म्हणजे ऊसतोडीची बाई. बीडकडची टोळी आहे, दर वर्षी आमच्याच शिवारात उतरते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडची उचल नवऱ्याच्या हातात आली तशी गेली, बाईच्या हातात रोख पडते ती वाढ्याची. ऊस तोडला की वरची हिरवी वाढं बांधून गावात जनावराला विकायची, त्या मोळ्यांचे पैसे ती अण्णांकडं ठेवायची आणि टोळी परत निघाली की न्यायची. गेल्या वर्षीच्या सगळ्या फुल्या खोडलेल्या आहेत. यंदाच्या पानावर वर कोयता काढलाय आणि खाली एकही फुली नाही. टोळी दिवाळीनंतर आली, अण्णा मार्गशीर्षात गेले. मधल्या दिवसांत तिनं किती दिले, दिले की नाही, अण्णा शेवटचे आजारी होते तेव्हा फुली मारायची राहिली की काय, कशालाच कागद नाही. पेटी पुन्हा उपसली. 'कोयता' कुठंच नाही.

कारखान्याचा पट्टा पडायला आलाय, म्हणजे गाळपाचा हंगाम संपत आलाय. आठ-दहा दिवसांत टोळी निघेल, त्याआधी ती येईल.

मी आईला म्हटलं, रजा वाढवून थांबतो. ती म्हणाली, "तू जा चाकणला. ती आली की मी बघते. तू असलास की ती आकडा सांगायची न्हाई."